बैठकीतला पहिला शब्द

(एका संगीत बारीच्या थिएटरात, नव्याने फडावर आलेल्या मुलींपुढे केलेले भाषण)



आम्ही येथे लावणीवर व्याख्यान देण्यास उभ्या नाही. लावणीवर व्याख्याने उदंड झाली. विद्वानांनी तिच्या मात्रा मोजल्या, बालेघाटी, जुन्नरी, छक्कड असे तिचे प्रकार पाडले, तिच्यातला शृंगार सोवळा की ओवळा याचा काथ्याकूट केला. पण बैठकीचे दार लोटले गेले, लोडाला टेकून एक परका मनुष्य बसला, आणि पायांत नुकतीच चाळ बांधलेली पोर त्याच्यासमोर उभी राहिली, म्हणजे तिच्या घशाला जी कोरड पडते तिच्याविषयी कोणा पंडिताने चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आज त्या कोरडीविषयीच बोलावयाचे आहे.

तुम्हांस पाऊल शिकवले जाते. ताल शिकवला जातो. पदर कसा धरावा, नजर कोठे टाकावी, चेहऱ्यावर भाव कसा आणावा हे मालकीणबाई रात्रंदिवस घोटून घेतात. परंतु पाहुण्याशी बोलणे काढावे कसे, हे कोणी शिकवीत नाही. "बोल की जरा, मुक्यासारखी काय उभी राहतेस?" एवढाच काय तो उपदेश. मग नवी पोर एक तर गप्प राहते, नाही तर घाबरून भलतेच बोलून जाते. आम्ही या फडावर पुष्कळ पोरी येताना पाहिल्या. नव्या पोरीस नाचाची धास्ती थोडी आणि बोलण्याची फार असते. नाचात पाऊल चुकले तर ढोलकी सांभाळून घेते. बोलण्यात पाऊल चुकले तर सांभाळणारे कोणी नसते.

आमचे म्हणणे काय ते आधीच सांगून टाकतो. पाहुण्याशी बोलणे हा आपल्या कामाचाच भाग आहे. आणि जो बोलणे काढतो, त्या बोलण्याचा कासरा त्याच्याच हाती राहतो. म्हणून पहिला शब्द तुमचा असावा, आणि तो गाण्याविषयी असावा. पहिला शब्द पाहुण्याचा झाला तर तो बहुधा तुमच्या अंगाविषयी असतो, आणि मग सारी रात्र उत्तरे देण्यात जाते.

आता ही कोरड येते कोठून ते पाहू.

चौफुल्याला जा, मोडनिंबला जा की जामखेडला जा, रीत एकच. संध्याकाळी मोठ्या रंगमंचावर एकामागून एक पार्ट्या उतरतात. तिकीट काढून बसलेला मनुष्य त्या पाहतो आणि मनास येईल त्या पार्टीची खाजगी बैठक ठरवतो. मग आतली खोली, गादी, लोड, पेटी, तबला, ढोलकी आणि समोर आपण. बाहेर पाटीवर आता 'कला केंद्र' असे लिहितात, पण खोलीतली मांडणी तीच आहे. तिथे एक बसलेला असतो आणि एक उभी असते.

ही मांडणी आजची नव्हे. उत्तर पेशवाईत पुण्याच्या वाड्यांतून नाटकशाळा होत्या, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी लावणीकार होते. रात्री जिचे गाणे ऐकून मान डोलवायची, तिच्या जातीच्या माणसास दिवसा ओसरीवर चढू द्यायचे नाही, हा त्या राज्याचा शिष्टाचार होता. राज्य गेले, शिष्टाचार मागे राहिला. आपल्या कोल्हाटी, डोंबारी, मांग, महार घरांतल्या लेकींना पिढ्यानपिढ्या एकच धडा मिळाला की, विचारले तर सांगावे, आपण होऊन विचारू नये. ज्याच्या घरी पोथी त्याच्या घरी बोलण्याची विद्या राहिली, आणि आपल्या घरी नुसती मान लवविण्याची सवय. शाळेची पायरी तर बहुतेकींची तिसरी-चौथीतच सुटली. तेव्हा ही कोरड म्हणजे तुमच्या स्वभावातला दोष आहे असे मानू नका. ती शेकडो वर्षांची ताकीद आहे, आणि ती झुगारून द्यावयाची आहे.

कोणी म्हणेल, बाईमाणसाने आधी तोंड उघडणे हे आपल्या कलेच्या रीतीत बसत नाही. हे म्हणणे साफ खोटे आहे. बैठकीची लावणी मुळात बोलणेच आहे. एकच ओळ चार वेळा म्हणावयाची आणि चारही वेळा तिचा निराळा अर्थ डोळ्यांनी, हातांनी, मानेने समोरच्यास सांगावयाचा, यालाच तर अदा म्हणतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर याच विद्येवर मोठ्या झाल्या. त्या तुमच्याआमच्यासारख्याच कोल्हाट्याच्या घरच्या. २०१२ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली त्या गेल्या. तमाशातले सवाल-जवाब तरी काय आहेत? प्रश्न टाकून समोरच्यास पेचात धरणे हाच त्यांचा खेळ. म्हणजे विचारणे हा आपल्या फडाचा जुना हक्क आहे. तो खोलीचे दार लोटल्यावर आपण का सोडावा?

आता कामाच्या गोष्टी सांगतो. नीट ऐका.

पहिली गोष्ट हाकेची. पाहुण्यास 'मालक' म्हणू नका. आपल्यात मालक कोणास म्हणतात हे तुम्हांस ठाऊक आहे. जो बाईस ठेवतो, तो तिचा मालक. घटकाभर गाणे ऐकण्यास आलेल्या मनुष्यास हा शब्द दिला की त्याच्या मनात भलती आशा रुजते, आणि ती रुजविणाऱ्या आपणच असतो. 'पाव्हणं' म्हणा. पाहुणा येतो, मान घेतो आणि उठून जातो; त्या शब्दातच त्याचे जाणे ठरलेले आहे. 'शेठ' म्हटले तरी चालेल, फार तर गावाच्या रिवाजाप्रमाणे 'पाटील' म्हणा. पण 'दादा', 'भाऊ' असे नाते जोडू नका. जोडलेले नाते मोडताना भांडण होते. तुमचे नाव विचारले तर फडावरचे नाव सांगा. घरचे नाव घरी राहू द्या.

दुसरी गोष्ट पहिल्या वाक्याची. नवी पोर आत येते आणि घाबरून विचारते, "काय पाहिजे?" हे वाक्य जिभेवरून कायमचे पुसून टाका. काय पाहिजे हे दुकानदार विचारतो, आणि त्याच्या मागे फळीवर माल मांडलेला असतो. तुमच्या मागे फळी नाही. तुम्ही हे विचारले म्हणजे तुम्ही स्वतःच माल झालात, आणि मग पाहुण्याने हात पुढे केला तर नवल ते काय? त्यापेक्षा आधी घरच्यासारखे पाणी विचारावे. "पाव्हणं, लांबून आला का? पाणी घ्या." आणि लागलीच पुढे, "ऐकायची कुठली? जुनी बैठकीची, का सिनेमातली?" यात त्यास निवडीचा मान मिळतो, आणि निवडावयाच्या दोन्ही वस्तू तुमच्या गळ्यात असतात, अंगावर नसतात. एवढ्या एका प्रश्नाने बैठक गाण्याची आहे हे सर्वांस कळून चुकते. पेटीमास्तर सूर धरतो, आणि पाहुणाही सावरून बसतो.

तिसरी गोष्ट पाहुणा ओळखण्याची. सगळ्यांशी एकच बोलणे चालत नाही.

जुना रसिक आला तर तो बसण्याच्या रीतीवरून कळतो. तो आधी वाद्यांकडे पाहतो, मग आपल्याकडे. त्यास विचारावे, "याआधी कुणाकुणाची बैठक ऐकलीत?" तो अर्धा तास बोलेल. ते ऐका. त्याच्या बोलण्यातून जुन्या चाली, जुन्या गायिका, विसरलेल्या ओळी तुम्हांस फुकट मिळतात. असा पाहुणा म्हणजे चालती पाठशाळाच.

उसाचे बिल घेऊन आलेला शेतकरी निराळा. त्यास पाऊस विचारा, तोड कधी झाली ते विचारा, कारखान्याने भाव काय दिला ते विचारा. तो भावावर खूश असेल किंवा कारखान्यास शिव्या देईल. काहीही झाले तरी त्याचा अवघडलेपणा जाईल. मात्र खिशात किती आहे हे त्यास कधीही विचारू नये.

तरुण पोरांचे टोळके आले तर सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे वळू नका. त्यांच्यात पैसे देणारा किंवा गाडी चालवणारा एक जण शुद्धीवर असतो. त्याच्याशी बोला. तेथे पहिला शब्द गाण्याचा नव्हे, मोबाईलचा असतो. "मोबाईल खिशात ठेवा, म्हणजे सुरू करते," असे हसून पण स्पष्ट सांगावे, आणि ते होईतो ढोलकीवर थाप पडू नये. हे ढोलकीवाल्या बंधूंनी आजपासून ध्यानात धरावे. पूर्वीची बैठक पहाटे संपली म्हणजे संपत असे. आता मोबाईलात घेतलेली बैठक गावोगाव फिरते आणि कधीच संपत नाही.

पुढारी किंवा कंत्राटदार येतो तो बहुधा स्वतःकरिता येत नाही, कोणा साहेबास खूश करण्याकरिता येतो. त्यास मान हवा असतो. "तुमच्या पाव्हण्यांची काय फर्माईश, ते तुम्हीच सांगा," असे म्हटले की त्याचा मान राहतो, आणि साहेबाशी तुमचे थेट बोलणेही टळते.

मित्रांनी ओढून आणलेला लाजरा नवखाही कधी येतो. बाकीचे त्याची टर उडवतात. तुम्ही त्यांत सामील होऊ नका. त्यास ढोलकीविषयी काही विचारा, गावच्या जत्रेविषयी विचारा. तो नवखा आणि तुम्ही नव्या; त्याच्याशी बोलताना तुमचाही घसा मोकळा होतो.

चौथी गोष्ट. प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर नुसत्या 'हो' किंवा 'नाही'त संपणार नाही. "गाणं आवडलं का?" याचे उत्तर 'हो'. पुढे काय? "यातला कुठला अंतरा धरून ठेवला मनात?" असे विचारले म्हणजे त्यास आठवावे लागते, बोलावे लागते. आणि विचारल्यावर उत्तर पुरते ऐका. मध्येच नोटेकडे नजर गेली तर ती पाहुण्यास दिसते.

पाचवी गोष्ट, काय बोलू नये. घरचे गाव सांगू नका. पोटचे लेकरू असेल तर ते सांगू नका. आणि अंगावरची उचल तर मुळीच सांगू नका. नव्या पोरीस वाटते, आपले दुःख सांगितले म्हणजे पाहुण्यास दया येईल आणि दौलतजादा वाढेल. दया येते, पैसेही येतात. परंतु दोन महिन्यांनी तोच मनुष्य म्हणतो, "तुझी उचल मी फेडतो." उचल फेडणारा पावती मागतो, मुलींनो, आणि त्या पावतीवर तुमचे नाव असते. अशा फेडीतून मोकळी झालेली बाई आम्ही पाहिली नाही. एका दावणीवरून सोडवून दुसऱ्या दावणीला बांधलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या. मोबाईलचा नंबर विचारला तर पार्टीचा नंबर द्यावा, जो मालकीणबाईंजवळ असतो. स्वतःचा देऊ नये.

सहावी गोष्ट मालकीणबायांस कदाचित रुचणार नाही, पण सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पाहुण्यास खोटा जीव लावू नका. "तुम्ही नाही आलात तर मला अन्न गोड लागत नाही," अशी वाक्ये नव्या पोरींकडून घोकून घेतली जातात. त्याने धंदा वाढतो, हे खरे. पण त्या वाक्याची किंमत कोण देतो? तो मनुष्य उद्या येऊन म्हणतो, अन्न गोड लागत नाही तर चल माझ्याबरोबर. तुम्ही नाही म्हटले की तो फसवली म्हणून ओरडतो, आणि मारहाणीपर्यंत मजल जाते. शिवाय तो मनुष्य तरी कोण? तोही बहुधा आपल्यासारख्याच कष्टकरी घरचा. त्याच्या घरी बायको आहे, लेकरे आहेत, सावकाराकडे गहाण पडावयाच्या बेतात असलेले दोन एकर आहेत. लावणीतली प्रीत लावणीत राहू द्या. तेथे ती खरी आहे, आणि तिचे पैसे घेण्यात लाज नाही. लावणी संपल्यावर तीच प्रीत खोलीत विकणे म्हणजे एका गरिबाने दुसऱ्या गरिबाचे घर जाळून शेकणे होय. बहुजन समाजाची घरे जाळावयास दुसरे पुष्कळ टपलेले आहेत; त्यांत आपण भर घालू नये.

सातवी गोष्ट पैशाची आणि नकाराची. या दोन्ही गोष्टी एकाच जागी सांगतो, कारण ज्या पोरीस पैसे उघड मागता येत नाहीत तिला नाहीही म्हणता येत नाही. "या फर्माइशीचा मान निराळा पडेल, पाव्हणं," असे गाण्याआधी सांगावे, गाण्यानंतर नव्हे. दौलतजादा घ्यावयाचा तो हातावर किंवा थाळीत. नोट दातांत धरून, चोळीकडे दाखवून कोणी बोलावले तर जागेवरून हलू नका. "थाळीत ठेवा, तिथं शोभतो मान," एवढे म्हणा आणि पेटीमास्तराकडे पाहा. त्याने सूर थांबवला की नोट थाळीत येते. नकार द्यावयाचा तो थोड्या शब्दांत द्या. कारणे सांगू नका. "आज तब्येत बरी नाही" असे म्हटले तर तो उद्या येईल. "आमच्या पार्टीत ती रीत नाही" असे म्हटले म्हणजे आज आणि उद्या दोन्ही मिटले. एवढ्यानेही तो ऐकत नसेल, तर बोलणे संपले असे समजून दार उघडावे. पहिला शब्द आपला असला म्हणजे प्रत्येक संकट टळते, असे आम्ही म्हणत नाही. दारू पोटात गेलेल्या मनुष्यास शब्द पोहोचत नाही. तेथे मालकीण, साजिंदे आणि उघडे दार हेच कामास येतात.

हा नकार नुसता आपला हट्ट नव्हे, त्यास कायद्याचा आधार आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ७५ व्या कलमात नकोसा स्पर्श आणि शरीरसुखाची मागणी हा गुन्हा सांगितला आहे. ७८ व्या कलमात, बाईने आपली नाखुशी स्पष्ट दाखविल्यावरही तिचा पुन्हापुन्हा पाठलाग करणे हा गुन्हा आहे. घरंदाज बाई वेगळी आणि नाचणारी बाई वेगळी, असा भेद त्या कलमांत कोठेही नाही. तो भेद लोकांच्या डोक्यात आहे, आणि कधीकधी चौकीवर बसलेल्या हवालदाराच्याही. मात्र 'स्पष्ट' हा शब्द ध्यानात ठेवा. गप्प राहिलेल्या पोरीची नाखुशी पुढे चौकशीत सिद्ध करणे कठीण जाते. तुमचा उच्चारलेला 'नाही' हाच तुमचा पहिला साक्षीदार. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर प्रत्येकीस तोंडपाठ हवा.

आता मालकीणबायांनो, दोन शब्द तुमच्याशी. तुम्ही आमच्यातल्याच. तुमच्याही पायांत एके काळी चाळ होती. नवी पोर पहिल्या रात्री काय बोलते, हे तिच्यापेक्षा तुमच्यावर अवलंबून आहे. अठरा वर्षे पुरी न झालेली पोर बैठकीत उभी करू नका. ते वय शाळेचे आहे, आणि तिला कोणी हात लावला तर २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखाली तो भयंकर गुन्हा आहे. नव्या पोरीस पहिले काही महिने एकटी पाठवू नका. जुन्या बाईमागे बसवा, झील धरू द्या, ऐकू द्या. उचल दिली तर ती वहीत लिहा आणि त्या पानाची एक नक्कल पोरीच्या हाती द्या. जिला आपल्यावर किती कर्ज आहे हेच ठाऊक नाही, ती पाहुण्याशी ताठ मानेने बोलेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. कर्जाचा आकडा अंधारात असला म्हणजे प्रत्येक नोट देवासारखी दिसते.

आणि हे भाषण ज्या वर्तमानपत्रात छापले जाईल त्याच्या वाचकांशीही थोडे बोलावयाचे आहे. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. पुढे समाजाचे जलसे खेडोपाडी गेले. ते जलसे तमाशाच्याच अंगाने उभे राहिले. ढोलकी तीच, झील तीच, सवाल-जवाब तेच. त्या जलशांनी शेतकऱ्यास शहाणे केले, हे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु चळवळीने ढोलकी उचलून नेली आणि ढोलकीपुढे नाचणारी बाई मागे ठेवली, हेही तितकेच खरे. तिच्याकडे पाहिले ते डाग म्हणून. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून सवाल टाकला होता की, सारे दोष बायकांच्याच माथी का मारता? आमच्या बाबतीत त्या सवालाचा जबाब अजून यावयाचा आहे. बैठकीत गादीवर बसलेला मनुष्य सकाळी पांढरा सदरा घालून सभेत बसतो. डाग तेवढा उभ्या राहिलेल्या बाईस लागतो. ही कोणती तुलना?

मुंबईच्या डान्स बारांचे उदाहरण घ्या. २००५ साली सरकारने बारांतील नाच कायद्याने बंद केला. कारण काय सांगितले, तर बायकांची अप्रतिष्ठा होते. पण त्याच कायद्यात तीन तारे आणि त्यावरील हॉटेलांस सूट होती! म्हणजे लहान बारमध्ये गरीब नाचली तर अप्रतिष्ठा, आणि बड्या हॉटेलात श्रीमंतासमोर नाच झाला तर प्रतिष्ठा. भिक्षुकशाहीचा सोवळ्या-ओवळ्याचा कायदा याहून वेगळा काय होता? सुमारे ७५,००० बाया बेकार झाल्या, असा आकडा न्यायालयापुढे मांडला गेला. तेव्हा नाचणाऱ्या बाया गप्प बसल्या नाहीत. हॉटेलवाल्यांबरोबर त्यांच्या संघटनेनेही न्यायालयात दाद मागितली. २००६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाविरोधी ठरविली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारने २०१६ साली पुन्हा नवा कायदा केला, त्यातील पुष्कळ जाचक अटी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या. अंगावर नोटा उधळण्याची मनाई मात्र राहिली, बक्षिसी देण्यास हरकत नाही असे ठरले. तो कायदा बारचा आहे, आपल्या थिएटराचा नव्हे. पण उधळण वेगळी आणि मान वेगळा, हे जे आम्ही मघाशी थाळीच्या गोष्टीत सांगितले, तेच देशाच्या मोठ्या न्यायालयानेही मानले, एवढे ध्यानात घ्या.

त्या बायांनी न्यायालयात जे केले तेच तुम्हांस रोज रात्री लहान प्रमाणावर करावयाचे आहे. आपल्याविषयी दुसरा बोलू लागण्याच्या आधी आपण बोलावयाचे. जी पोर पाहुण्यास "कुठली ऐकायची?" असे विचारावयास शिकली, ती पुढे मालकिणीस "माझ्या नावावर किती राहिले?" असे विचारते. आणखी पुढे लेकराच्या शाळेत जाऊन मास्तरास विचारते, चौकीत जाऊन हवालदारास विचारते, मत मागावयास आलेल्या पुढाऱ्यास विचारते. बापाच्या नावाची रिकामी जागा पाहून शाळेत आमच्या लेकरांस काय सोसावे लागे, हे डॉक्टर किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ सालच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आईने तोंड उघडावयास शिकले तर त्या लेकरांचे सोसणे काही तरी कमी होईल.

म्हणून शेवटी एक सूचना मांडतो, ती मान्य करावी. दुपारी थिएटर मोकळे असते. जेवण झाल्यावर आणि वेणीफणीस बसण्याआधी रोज एक तास काढावा. अर्धा तास अक्षरओळख आणि हिशेब, म्हणजे उचलीच्या वहीत काय लिहिले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. अर्धा तास बोलण्याची तालीम. नाचाची तालीम होते, गाण्याची होते, मग बोलण्याची का होऊ नये? आम्ही म्हाताऱ्या लोडाला टेकून पाहुणे होऊ. कोणी उसाचे बिल आणलेला होईल, कोणी मोबाईलवाला, कोणी पुढारी. सगळ्या जातीचे पाहुणे आम्हांस पाठ आहेत, नकला हुबेहूब करू. तुम्ही समोर उभ्या राहा आणि आमच्या आधी बोला. चुकलात तर येथे हसण्यावारी जाईल, आणि रात्री घसा कोरडा पडणार नाही.

उद्या दुपारपासूनच आरंभ करू.